कै. सावित्रीबाई फुले : वर्गात घडलेल्या शिक्षिका

दरवर्षी अध्यापनाचे शिक्षण घेत असलेले काही तरुण व तरुणी सरावपाठ देण्याकरिता आमच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांच्या शाळांत येत असतात. हाती पाठाचे टाचण असते, वर्गाच्या मागे गुण देणारे शिक्षक बसलेले असतात, आणि समोरच्या तीस-चाळीस मुलांचे डोळे एकदम आपणाकडे वळले म्हणजे आदल्या रात्री तोंडपाठ केलेले वाक्य ओठांवर येता येता नाहीसे होते. आमच्या मंडळ्यांतील वृद्ध माणसांस हीच गोष्ट दुसऱ्या रूपाने ठाऊक आहे. मिशनच्या खेड्यांतील शाळा चालू होत्या त्या दिवसांत चार-सहा इयत्ता झालेल्या तरुणास एखादे गाव नेमून देत. तोच शाळेचा पंतोजी आणि तोच रविवारचा उपदेशक. मुलांच्या पुढे तो दोन धडे असावयाचा, इतकेच त्याचे ज्ञान. रात्री कंदिलाशी बसून त्याने उद्याचा धडा स्वतः शिकावा व सकाळी तोच मुलांस शिकवावा, असे चाले. अशा मनुष्याच्या मनात एक प्रश्न नेहमी सलत असे. मीच अजून विद्यार्थी आहे, तर मला शिक्षक म्हणवून घेण्याचा अधिकार काय?

हा प्रश्न बरोबर घेऊन आम्ही आज वाचकांस आपल्या जिल्ह्यातून पुण्यास, आणि सुमारे पावणेदोनशे वर्षे मागे नेतो. तेथे सतरा वर्षांची एक सून, जी स्वतः थोड्याच वर्षांपूर्वी अक्षरे शिकली होती, मुलींच्या वर्गापुढे उभी राहिली. सावित्रीबाई फुले ह्यांची तसबीर आज शाळाशाळांतून लागलेली असते, आणि 2014 पासून पुण्याचे विद्यापीठही त्यांचेच नाव धारण करीत आहे. परंतु तसबिरीस हार पडू लागला म्हणजे ती व्यक्ती एकदा नवशिकी होती हे लोक विसरतात. म्हणून त्यांच्या थोरवीविषयी नव्हे, तर विशेषेकरून त्यांच्या शिकाऊ दिवसांविषयी आम्ही लिहीत आहो.

सातारा जिल्ह्यातील नायगाव हे त्यांचे जन्मगाव. पाटील घराण्यातील खंडोजी नेवसे हे वडील व लक्ष्मीबाई ही आई. जन्म 3 जानेवारी 1831 रोजी झाला. लहानपणी शिरवळच्या बाजारी गेल्या असता तेथे कोणा मिशनरी मंडळींकडून त्यांस एक लहानसे पुस्तक मिळाले, असे सांगतात. वाचता तर येत नव्हते. वडिलांनी रागे भरून ते पुस्तक फेकून दिले, परंतु मुलीने ते गुपचूप उचलून ठेवले व लग्नानंतर सासरी नेले, अशी ही आठवण आहे. 1840 साली, म्हणजे वयाच्या नवव्या वर्षी, पुण्याच्या गोविंदराव फुले ह्यांचे चिरंजीव जोतीराव ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वराचे वय तेव्हा तेरा वर्षांचे.

जोतीरावांस आई नव्हती. सगुणाबाई नावाच्या आप्त स्त्रीने त्यांस वाढविले होते, आणि ह्या सगुणाबाईंस मिशनरी कुटुंबात काम केल्याने शिक्षणाची ओळख व आवड होती. पुढे जोतीराव पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत जाऊ लागले. शाळेत जे मिळे ते त्यांनी घरी आपल्या पत्नीस व सगुणाबाईंस वाटून दिले. मळ्यातील आंब्याच्या सावलीत मातीत काडीने अक्षरे काढून हा अभ्यास चाले, असे परंपरेने सांगितले जाते. आमच्या शेतकरी वाचकांस ह्यात काहीच नवल वाटणार नाही. पाटी नसली तर माती असतेच.

येथवर विद्या घरातली. शाळेत उभे राहून शिकविणे ही निराळी विद्या आहे. ती सावित्रीबाईंस कोठे मिळाली, हे आमच्या वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावे. अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फॅरार ह्या अविवाहित बाई 1827 च्या अखेरीस मुंबईस उतरल्या आणि 1839 पासून अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) मुलींच्या शाळा चालवीत होत्या. 1862 मध्ये त्यांचा देह तेथेच पडला. जोतीराव आपले मित्र सदाशिवराव गोवंडे ह्यांच्याबरोबर नगरास गेले असता त्यांनी ह्या शाळा पाहिल्या, आणि असे काम पुण्यात आपल्या लोकांनी का करू नये, हा विचार तेथेच पक्का झाला. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले ते मिस फॅरार ह्यांच्या हाताखाली व पुण्यात स्कॉटिश मिशनच्या मिसेस मिचेल ह्यांच्या नॉर्मल स्कुलात. नॉर्मल स्कूल म्हणजे शिक्षक तयार करण्याची शाळा. ह्याशिवाय जोतीरावांचे मित्र सखाराम यशवंत परांजपे व केशव शिवराम भवाळकर ह्यांनी त्यांचा पुढील अभ्यास करून घेतला. एक गोष्ट आम्ही येथेच स्पष्ट सांगतो. फुले पतिपत्नींनी मिशनऱ्यांकडून विद्या घेतली, तिचे ऋण मान्य केले, परंतु ती दोघे ख्रिस्ती झाली नाहीत. कोणास आपल्या यादीत ओढून घेण्याची आमची इच्छा नाही. विहिरीचे पाणी कोणी नेले म्हणून विहिरीने त्याच्या घरावर हक्क सांगू नये.

1848 साली पुण्यास बुधवार पेठेत भिडे ह्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. मुली मूठभरच होत्या. आता वाचकांनी त्या खोलीचा विचार करावा. शिकविणारीचे वय सतरा. तिने शिकविताना पाहिलेली स्त्री म्हणजे परदेशातून आलेली बाई. आपल्या भाषेची, आपल्या रीतीचे लुगडे नेसलेली, कपाळी कुंकू लावलेली स्त्री वर्गापुढे उभी आहे, असे चित्र तिने तरी कोठे पाहिले होते? तिच्यापुढे कित्ता नव्हता. बोलावे किती, रागे भरावे किती, एकीस येत नाही म्हणून दुसऱ्यांस किती थांबवावे, हे सारे ती त्याच मुलींवरून शिकत होती. सकाळी शिक्षिका आणि फावल्या वेळी पुन्हा विद्यार्थिनी, असा तो काळ होता.

घरापासून शाळेपर्यंतची वाट हीदेखील एक परीक्षाच होती. स्त्रीने शिकणे हे अधर्माचे, मग शिकविणे तर बोलावयासच नको, असे मानणारे लोक वाटेत उभे राहून शिव्या देत, शेणमाती व खडे मारीत. त्यांच्या शाळेच्या एका शिपायाने पुढे सांगितलेल्या आठवणींवरून असे कळते की, बाई रस्त्याने जाताना एक लुगडे नेसत व शाळेत पोचल्यावर बदलण्याकरिता दुसरे जवळ ठेवीत. ह्या लहानशा गोष्टीत आम्हांस मोठा अर्थ दिसतो. रस्त्यावरची घाण रस्त्यावरच्या लुगड्यात राहिली; मुलींच्या समोर ती गेली नाही. ज्या शिक्षकाचे घरी भांडण झाले असता त्याचा राग मुलांच्या पाठीवर निघतो, असे शिक्षक आम्ही पाहिले आहेत, आणि वाचकांनीही पाहिले असतील. ह्याच आठवणींत असेही आहे की, एके दिवशी एका गुंडाने त्यांची वाट अडवून अब्रूवर येण्याची धमकी दिली, तेव्हा बाईंनी त्याच्या थोबाडीत दिली व शाळेची वाट धरली. दुसरा गाल पुढे करण्याचा उपदेश ज्यांनी ऐकला आहे त्या आमच्या काही वाचकांस हे रुचेल न रुचेल. परंतु त्या दिवशी शाळा वेळेवर भरली असली पाहिजे.

रस्त्यावरचा त्रास फळास येईना तेव्हा लोकांनी गोविंदरावांस गाठले. जातीचे व समाजाचे भय मोठे. म्हाताऱ्याने मुलास व सुनेस सांगितले की, शाळा सोडा नाहीतर घर सोडा. 1849 मध्ये दोघांनी घर सोडले. जोतीरावांचे मित्र उस्मान शेख ह्यांच्याकडे त्यांस आसरा मिळाला, असे सांगतात. शाळेचे कामही काही काळ खंडित झाले. गोविंदरावांस दोष देणे सोपे आहे. परंतु वाळीत पडणे म्हणजे काय असते हे ज्या घरांनी भोगले आहे, ती घरे त्या बापाचे भय ओळखतील.

नवशिक्या मनुष्याचा पहिला प्रयत्न मोडला म्हणजे तो बहुधा आपला धंदा बदलतो. सावित्रीबाईंनी तसे केले नाही. 3 जुलै 1851 रोजी बुधवार पेठेतच चिपळूणकर ह्यांच्या वाड्यात मुलींची शाळा पुन्हा सुरू झाली. पहिल्या दिवशी मुली आठ. ह्या शाळेच्या मुख्य शिक्षिका सावित्रीबाई होत्या आणि त्यांच्या हाताखाली विष्णुपंत मोरेश्वर व विठ्ठल भास्कर हे दोघे पुरुष साहाय्यक होते. 1851 सालच्या पुण्यात दोन पुरुष शिक्षकांनी वीस वर्षांच्या स्त्रीच्या हाताखाली काम करावे, ही गोष्ट शाळा उघडण्याइतकीच नवीन होती. त्या तिघांचे काम कसे चालले असेल ह्याचा तर्क निकालावरून करावा. मराठी शाळांचे त्या वेळचे तपासनीस दादोबा पांडुरंग, ज्यांचे व्याकरण पुढे पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी घोकले, त्यांनी ऑक्टोबर 1851 मध्ये शाळा तपासली व थोड्या अवधीत झालेल्या प्रगतीविषयी समाधान दर्शविले. 17 फेब्रुवारी 1852 रोजी मुलींची जाहीर परीक्षा झाली. 17 सप्टेंबर 1851 रोजी रास्ता पेठेत व 15 मार्च 1852 रोजी वेताळ पेठेत आणखी दोन शाळा निघाल्या होत्या किंवा निघत होत्या. वाचन, अंकगणित, व्याकरण, भूगोल, इतिहास असे विषय होते. सरकारी शाळांतील मुलांपेक्षा ह्या शाळांतील मुलींची शिकवण सरस आहे आणि संख्याही अधिक, असा अभिप्राय त्या वर्षी पुण्याच्या एका इंग्रजी वर्तमानपत्राने छापला. सरकारने दक्षिणा फंडातून दरमहा 75 रुपये मदत दिली, आणि 16 नोव्हेंबर 1852 रोजी विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी ह्यांच्या हस्ते जोतीरावांस शालजोडी देऊन त्यांचा गौरव झाला. शालजोडी जोतीरावांच्या खांद्यावर पडली. दुसऱ्या सकाळी वर्गात पट मांडून बसणारी मात्र त्यांची पत्नी होती, आणि तीही वेतनावाचून.

परीक्षा हा शब्द ऐकून आज मुले घाबरतात. त्या काळी शाळेची परीक्षा म्हणजे शिक्षकाचीच परीक्षा असे, कारण ती सर्व लोकांच्या देखत व तोंडी होई. 12 फेब्रुवारी 1853 रोजी पुणे कॉलेजाच्या आवारात ह्या शाळांच्या 237 मुलींची परीक्षा घेण्यात आली, आणि ती पाहावयास सुमारे 3,000 लोक जमले. हे वर्ष आमच्या वाचकांनी आपल्या जिल्ह्याच्या इतिहासावरून लक्षात ठेवावे. ह्याच 1853 साली निजामसरकारने वऱ्हाडाबरोबर आपला धाराशिवकडील मुलूख कर्जापोटी इंग्रजांस लावून दिला, व तो 1860 पर्यंत त्यांच्याकडे राहिला. तर त्या दिवशी पाच वर्षांपूर्वी ज्यांच्यावर खडे फेकले त्याच बाईंच्या मुली हजारो लोकांसमोर उत्तरे देत होत्या. बक्षीससमारंभात एका लहान मुलीने आपणांस खेळणी नकोत, शाळेस पुस्तकालय द्यावे, असे मागितले, अशीही एक गोष्ट त्या शाळांविषयी सांगतात.

तथापि शिक्षिका किती वाढली हे आम्हांस परीक्षेपेक्षा एका निबंधावरून अधिक कळते. महार-मांग मुलांकरिता फुल्यांनी चालविलेल्या शाळेत मुक्ता नावाची मांग समाजातील एक मुलगी शिकत असे. वय चौदा, आणि शाळेत येऊन झाली होती तीन वर्षे. तिने महार-मांगांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला व तो ज्ञानोदय पत्राने 1855 च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत दोन भागांत छापला. ज्ञानोदय हे अमेरिकन मिशनने 1842 साली अहमदनगरास सुरू केलेले पत्र. त्या निबंधात ही पोर विचारते की, ज्यांस धर्माची पुस्तके पाहण्याचाही अधिकार नाही ते लोक धर्माशिवायच आहेत काय, आणि आमचा धर्म कोणता, हे देवानेच आम्हांस कळवावे. पेशवाईत तालीमखान्यापुढून गेल्यास मांग-महारांची काय गत होई, हे ती सांगते. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, थंडीपावसात त्या किती कष्टी होतात, हे तर तिने अशा रीतीने लिहिले आहे की वाचणाऱ्याने मान खाली घालावी. शेवटी ती आपल्याच लोकांस शिकण्याचा आग्रह करते.

आता शिक्षकाच्या दृष्टीने पाहावे. तीन वर्षांत मुलीस अक्षरे शिकविणे, बेरीज-वजाबाकी शिकविणे, हे कोणत्याही मेहनती पंतोजीस साधेल. परंतु मुलीने आपले दुःख आपल्या शब्दांत मांडावे व मोठ्या माणसांस प्रश्न विचारावा, हे छडीने होत नाही. ज्या वर्गात प्रश्न विचारण्याचे भय नाही, तेथेच असा निबंध लिहिला जातो. आमच्या जिल्ह्यातील कित्येक घराण्यांचे पूर्वज त्याच समाजांतून आलेले आहेत. त्यांनी मुक्तेचा निबंध मिळवून घरी मोठ्याने वाचावा, अशी आमची विनंती आहे.

सावित्रीबाई स्वतःही लिहू लागल्या होत्या. 1854 साली त्यांचा काव्यफुले हा कवितासंग्रह छापला गेला. वय तेव्हा तेवीस. अक्षरे गिरवण्यापासून ग्रंथ छापण्यापर्यंतचा हा प्रवास उण्यापुऱ्या चौदा वर्षांचा होय.

1856 च्या सुमारास त्या फार आजारी पडल्या व हवापालटाकरिता नायगावी माहेरी जाऊन राहिल्या. तेथून 10 ऑक्टोबर रोजी त्यांनी जोतीरावांस जे पत्र लिहिले ते सुदैवाने उपलब्ध आहे. भावाने आजारात मनोभावे शुश्रूषा केली, हे त्या प्रथम सांगतात. परंतु तोच भाऊ म्हणू लागला की, तुम्ही नवराबायको महारामांगांकरिता कामे करता म्हणून वाळीत पडला आहा. तरी जातीची रूढी व भटजींचे सांगणे मानून वागावे. आईही ऐकत बसली होती. ह्यावर बहिणीने रागे भरून उठून जावे, असे झाले नाही. तिने भावास रोजच्या पाहण्यातली गोष्ट काढून दाखविली. शेळीला, गाईला आपण कुरवाळतो, नागपंचमीस विषारी नागाला दूध पाजतो, आणि आपल्यासारख्याच माणसास मात्र विटाळ मानतो, ह्यास कारण काय? शिकविणे हे मनुष्यास पशुत्वातून काढण्याचे काम आहे, आणि पतीचे हेच काम आपले काम आहे, असे तिने समजावून सांगितले. ऐकता ऐकता आईचे डोळे भरून आले व भावासही आपले बोलणे चुकले असे वाटले.

ओसरीवरची ती तीन माणसे म्हणजेही एक वर्गच होता, आणि चांगली शिक्षिका कसे शिकवते ते ह्या पत्रात दिसते. तिने पोथीतले वचन काढले नाही, इंग्रजांचे नाव घेतले नाही. अंगणातली शेळी व वारुळातला नाग पुरे झाले. 1848 साली भिडेवाड्यात उभी राहिलेली सतरा वर्षांची मुलगी हे करू शकली नसती. आठ वर्षे मुलींस समजावून सांगता सांगता तिला समजावणे आले.

त्याच पत्रात आणखी एक ओळ आहे, जी आम्हांस ह्या सर्वांहून मोलाची वाटते. आपण येथे पडून असल्यामुळे तिकडे फातिमेवर सगळा भार येत असेल, परंतु ती कुरकुर करणार नाही, असे त्या लिहितात. फातिमा म्हणजे त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या फातिमा शेख. अंथरुणास खिळलेल्या बाईचे मन औषधात नव्हते, माहेरच्या दुधातुपात नव्हते. ते पुण्यात होते, आणि आपल्या वाटचे काम कोण ओढत आहे ह्याची त्यास खंत होती. वर्गाचा ताबा शिक्षकाने घेतला असे लोक म्हणतात. पुष्कळदा वर्गच शिक्षकाचा ताबा घेतो.

1857 च्या बंडानंतर शाळांस मिळणारी मदत आटली, आणि 1858 च्या सुमारास ह्या शाळांच्या व्यवस्थेतून फुले मोकळे झाले. शाळा शिक्षणखात्याकडे सोपविण्यात आल्या. पुढील हकीकत पुष्कळांस ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. 1863 मध्ये फसलेल्या विधवांकरिता त्यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले व अशाच एका विधवेच्या मुलास, यशवंतास, दत्तक घेऊन वाढविले. 1868 मध्ये एका गावात ब्राह्मण तरुण व महार मुलगी ह्यांस गावकरी ठार मारण्यास निघाले असता त्या मध्ये पडल्या व दोघांचे प्राण वाचविले. 1873 साली सत्यशोधक समाज निघाला. 1877 च्या दुष्काळात त्या जुन्नरकडे ओतूर येथे राहून उपाशी लोकांस अन्न पोचविण्याच्या कामात होत्या. 28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीराव वारले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरावे ह्यावर भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा ते सावित्रीबाईंनीच धरले व अग्नी दिला. 1893 साली सासवड येथे भरलेल्या सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या.

1897 च्या आरंभी पुण्यात प्लेगाने कहर केला. डॉक्टर झालेला यशवंत हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात रोग्यांवर उपचार करीत होता, व सावित्रीबाई गावोगावचे रोगी तेथे पोचवीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाड ह्यांच्या मुलास प्लेग झाल्याचे कळले. सहासष्ट वर्षांच्या ह्या बाईंनी त्यास स्वतःच्या पाठीवर घेतले व मळ्यापर्यंत चालत आणले. त्यातच त्यांस रोगाचा संसर्ग झाला, आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचा अंत झाला.